नूतनीकरणाच्या अर्जावरचा अंगठा

नामपूरच्या बाजूच्या एका गावातली ती पिठाची गिरणी अजून डोळ्यांसमोरून जात नाही. बाजाराचा दिवस होता. दळणाचा डबा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या एका बाईचा हात गिरणीच्या धान्य ओतायच्या लोखंडी चाडीला लागला आणि ती जागीच गेली. मी तेव्हा बागलाणमधल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. साडेदहाच्या सुमारास खबर आली. ठाणे अंमलदाराने अकस्मात मृत्यूची नोंद घेतली आणि मी हवालदाराला घेऊन निघालो.

पंचनाम्यात एक गोष्ट लगेच दिसली. अर्थिंगची तार जमिनीत गेलेलीच नव्हती. गिरणीमागे खड्डा नव्हता, की त्यात घालायचा पत्रा, कोळसा, मीठ काही नव्हतं. तार भिंतीतल्या एका खिळ्याला गुंडाळून ठेवली होती. वीजजोडणीच्या कागदांत मात्र परवानाधारक कंत्राटदाराचा तपासणी अहवाल होता. ‘अर्थिंग तपासले, समाधानकारक.’ खाली तारीख आणि इंग्रजीत वळणदार सही. अहवाल चौदा महिन्यांपूर्वीचा होता.

वायरिंग करणारा वायरमन गावातलाच होता, तिशीचा. त्याच्याकडे परवाना नव्हता. मयत बाईचे नातेवाईक त्याच्या घरासमोर जमले होते. त्याला ठाण्यात आणलं, ते अटकेसाठी जेवढं, तेवढंच त्याच्या जिवासाठी.

“खड्डा का नाही खणला?” मी विचारलं.

“मालकाला सांगितलं व्हतं साहेब. पत्रा आणा, कोळसा आणा. ते म्हनले, आधी लाइट येऊ दे, मग बघू.”

“आणि तपासायला आलेल्या कंत्राटदाराने काय पाहिलं?”

“कोन आलं? कोनी आलं नाय. सहीचे फॉर्म दुकानात असत्यात. सामान घेतलं की दुकानदार फॉर्म भरून देतो.”

“तू स्वतः परवाना का नाही काढलास?”

“परीक्षेला नाशिकला जावं लागतं. दोनदा गेलो, दोनदा तारीख पुढं गेली. मंग सोडलं.”

विजेच्या सामानाच्या त्या दुकानदाराचं म्हणणं वेगळं होतं. तो शांतपणे बोलला. “कंत्राटदार स्वतः नाशिकहून आले, गिरणी तपासली, माझ्यासमोर सही केली, तेव्हा तार जमिनीत होती. नंतर वायरमनने काही उलटसुलट केलं असेल तर आम्हाला काय माहीत?”

कंत्राटदाराला नाशिकला जाऊन भेटलो. पलंगावर पडलेले वृद्ध गृहस्थ. उजवी बाजू लुळी, बोलणं समजत नव्हतं. त्यांच्या मुलाने सांगितलं, “बाबांना झटका आला तो या वर्षी. त्याआधी ते सगळीकडे फिरायचे.” डॉक्टरांचे जुने कागद मागितले. घर बदलताना हरवले, असं उत्तर मिळालं. सही त्यांचीच होती. हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवूनही हेच उत्तर आलं असतं.

म्हणजे कागदावर सगळं जुळत होतं आणि दोष एकट्या वायरमनचा होता. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल कलम ३०४ अ खाली त्याला सजा लागणार, हे आम्ही जवळजवळ धरून चाललो होतो.

चार दिवसांनी बाजारात चहा पिताना शेजारच्या गावचा एक म्हातारा वायरमन माझ्या बाकावर येऊन बसला. इकडेतिकडे पाहून अहिराणीत म्हणाला, “साहेब, त्या सहीवालाले कोणी देखेल शे का? आम्ही तं कित्येक वरीस झाले, देखा नही.” एवढं बोलून तो उठला. जबाब द्यायला तयार झाला नाही.

पण दिशा मिळाली. सही खरी असेल, तर ती केव्हाची? कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेवायच्या आणि गरजेप्रमाणे दुकानात पुरवायच्या, ही त्या धंद्यातली सर्रास सोय होती. हात चालत होता तोवर त्यांनी गठ्ठे सही करून ठेवले असतील, तर हात केव्हा गेला हे सिद्ध करणं एवढंच उरत होतं.

कंत्राटदारांच्या परवान्यांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाला मी पत्र लिहिलं आणि परवान्याची फाइल मागितली. अशा पत्रांना उत्तर यायला महिने लागतात. या वेळी आठव्या दिवशी त्या कार्यालयाचे खुद्द विद्युत निरीक्षक आले. एसटीने, पोटाशी कापडी पिशवी धरून. अपघाताच्या पाहणीला हेच आले होते. तेव्हा त्यांनी स्वतःचं मीटर लावून मोजमापं घेतली होती आणि अहवालात एक ओळ लिहिली होती : ‘वायरिंग सदोष आढळले.’ मी त्यावर चिडून त्यांच्यावर ओरडलो होतो. कोणी सदोष केलं, नियम कोणता मोडला, यातलं काहीच नाही. कोर्टात असल्या ओळीचा काय उपयोग?

त्यांनी पिशवीतून फाइल काढून टेबलावर ठेवली आणि मधलं पान उघडलं. परवाना नूतनीकरणाचा अर्ज. जिथे सही हवी तिथे डाव्या हाताचा अंगठा होता. तारीख होती तीन वर्षांपूर्वीची. त्याआधीच्या सगळ्या अर्जांवर तीच वळणदार सही होती.

हवालदाराने मागून डोकावून पाहिलं. “साहेब, हे अंगठेबहाद्दर मीटरचे आकडे कसे वाचत होते हो?”

निरीक्षक हसले नाहीत. त्यांनी बोट अंगठ्याखाली नेलं. तिथे शेरा होता : ‘अर्जदारास समक्ष पाहिले. नूतनीकरणास हरकत नाही.’ खाली त्यांचीच सही.

“तुम्ही पाहिलं होतं त्यांना?”

“नाही.”

“मग असं का लिहिलंत?”

“माझ्याकडे सहा तालुके आहेत साहेब. गाडी नाही, शिपाई एकच. अर्ज टपालाने येतात. माझ्या आधीच्या साहेबांनी असंच लिहायला सांगितलं होतं. मीटर लावायचं मला शिकवलं. माणूस खरा की कागद खरा, हे कसं बघायचं, ते कोणी शिकवलं नाही. कोर्टासाठी अहवाल कसा लिहायचा, तेही नाही. तुम्ही तेव्हा ओरडलात, ते बरोबर होतं.”

फाइल सापडत नाही, असं एका ओळीचं उत्तर ते पाठवू शकले असते. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, “हा जबाब लिहिला की तुमच्यावर खात्याची चौकशी लागेल. किती नोकरी उरली?”

“दोन वर्षं.”

“घरी विचारलंत?”

“घरी विचारायला कोणी नाही.” मग म्हणाले, “लिहा. तो पोरगा परवाना नसल्याचा दोषी आहे. सहीचा नाही.”

मी जबाब नोंदवला. त्यांनी प्रत्येक पान वाचून सही केली. परतीच्या गाडीला वेळ होता, तरी चहा नको म्हणाले. फाइलची जप्ती पावती पिशवीत नीट घालून ते फाटकाबाहेर गेले आणि स्टँडच्या दिशेने एकटेच चालत गेले.

पुढचं काम सोपं होतं. अंगठा समोर ठेवल्यावर मुलाने झटक्याचं खरं वर्ष सांगितलं. दुकानाच्या झडतीत सह्या केलेले कोरे फॉर्म मिळाले, दोन गठ्ठे. गिरणीमालक आणि दुकानदारावर दोषारोपपत्र गेलं. वायरमनला पुरावा अपुरा असल्याच्या, कलम १६९ च्या अहवालाने सोडलं आणि साक्षीदार केलं. तपासाबद्दल माझ्या सेवापुस्तकात चांगली नोंद झाली.

वर्षभरानंतर निरीक्षकांचं पत्र आलं. चौकशी सुरू होती. खोटा शेरा मारल्याचा आरोप त्यांनी मान्य केला होता. त्यांची विनंती एकच होती : ‘फाइल मी आपणहून आणून दिली, एवढे आपण समक्ष येऊन सांगावे.’ मी तेव्हा सिंहस्थाच्या बंदोबस्तात होतो. रजा मिळणं अवघड होतं, पण एका दिवसाची परवानगी मागता आली असती. मी मागितली नाही. ‘जबाब कागदोपत्री उपलब्ध आहे, तो पाहावा’ असं लेखी कळवलं. जबाबात फाइल हजर केल्याची नोंद होती. ती कोणी, कशी आणली, आणण्यापूर्वी त्याला काय सांगितलं गेलं होतं, याची नव्हती. चौकशी संपण्याआधीच ते निवृत्त झाले, एवढं कानावर आलं.

माझ्या पाठीशी ठाणं होतं, हवालदार होता, वरिष्ठ होते. चूक झाली तर दुरुस्त करायला चार माणसं होती. त्या माणसाकडे सहा तालुके, एक शिपाई आणि चालत आलेली पद्धत होती. ज्याने परवाने तपासायचे, त्याला तपासणं कोणी शिकवायचं, हा प्रश्न तपासात मला पडायला हवा होता. मला फक्त पुरावा दिसला. पुरावा आणून देणारा साक्षीदार एकटा पडतो, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं, पण ते कळेपर्यंत उशीर झाला होता.

निवृत्तीनंतर नाशिकला अशाच नव्या विद्युत निरीक्षकांच्या प्रशिक्षणात मला बोलावलं होतं. मी हे प्रकरण सांगितलं. अर्ज कसा वाचावा, सही कशी ताडून पाहावी, शेरा केव्हा मारू नये. तरुण मंडळी वहीत लिहून घेत होती. शेवटी दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

“सर, हे तुमच्यापेक्षा त्यांनीच सांगायला हवं होतं. ते कुठे असतात आता?”

मी माहीत नाही म्हणालो. मी कधी विचारलंच नव्हतं.