हंडीबाबा

आमचे बाबा लग्नाला जाऊन उपाशी परत यायचे. अमरावतीच्या आमच्या पेठेत लग्न कुणाचंही असो, मांडवात काचेच्या हंड्या बाबांच्याच. लाल, निळ्या, हिरव्या, आणि एक अगदी डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाची. स्वतः शिडीवर चढून त्या टांगायच्या, पेल्यात आधी पाणी, वर तेल घालून वाती लावायच्या, मग खांबाला टेकून मान वर करून बसायचं. पंगती उठून जात, बाबांना वाढायचं राहूनच जाई. सगळे त्यांना हंडीबाबा म्हणत.

बाबा कापसाचे दलाल. सातासमुद्रापार साहेबलोकांची कुठलीशी लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी बैलांची शिंगं चांदीनं मढवली. बाबांनी मुंबईहून काच आणली, तीही त्या महागड्या कापसात गुंडाळून. "कापूस इकून काच घेतली, अन् काच निजवली कापसातच!" म्हणून लोक हसले. बाबा म्हणाले, "मंग काय कडब्यात निजवू?"

आई लवकर गेली होती आणि मला अकोल्याला दिलेलं, त्यामुळे घरात बाबा आणि त्यांची काच एवढंच. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच मी विधवा होऊन माहेरी आले. बाकी सगळे मला काही ना काही बोलायला लावत होते. बाबांनी माझ्या हातात रिठ्याचं पाणी आणि जुनं धोतर दिलं. "हंडी पुसताना बोलू नोको, बाई. काचेवर वाफ धरते." त्या न बोलण्यानंच मी सावरले. मग एकदा म्हणाले, "पुढच्या लग्नाले तूच लाव. तुहा हात हलका हाये."

ते पुढचं लग्न आलंच नाही. वाजंत्री ऐकू येई, पण हंड्या न्यायला कोणी येईना. मी विचारलं तर बाबा म्हणाले, "आता घरोघरी हंड्या झाल्या, बाई." मला ते पटलं, पैसा तसा वाहतच होता. संध्याकाळी ते न पेटवलेल्या हंड्यांखाली बसून राहत. "इथंच लावा की," म्हटलं तर म्हणत, "पाहाले माणसं लागतात." काच दुसऱ्यांना दाखवणं हे त्यांचं एकच सुख होतं, आणि ते गेलेलं मला दिसत होतं. त्यांच्याकडे बघवत नसे.

बाबा वारले आणि काच माझ्या वाट्याला आली. तेरावं होऊन थोडे दिवस झाले असतील, पेठेतले एक काका पुतणीच्या लग्नाला हंड्या मागायला आले.

"तुमच्या घरी नाहीत?" मी विचारलं.

"कोनाच्या घरी हायेत? तुह्या बाबानंच अडवून धरल्या. जो येईन त्याले एकच सांगे, लावाले माही पोरगी येईन. आता तूच सांग, शुभकार्यात तुले कसं बलवावं? आता तरी दे, बाई. आमचे पोट्टे लावतीन."



"न्या ना, काका. पन लावाले मीच येईन."

काकांनी जोडे घातले आणि हंड्या न घेताच ते निघून गेले. मी दार लावून घेतलं आणि तिथंच बसून रडले. बाबा गेले त्या दिवशीही मी इतकी रडले नव्हते.