मॅडमपुढं हलवलेली मान

शहाणपणा करायला गेलेला माणूस कसा तोंडावर आपटतो, हे बघायचं असेल तर माझ्याकडं बघा. चहा ओता आधी, मग सांगते. हसा खुशाल, मला सवय झालीय.

मी माले गावची. आमच्या घरात मानसशास्त्र शिकलेली मी पहिलीच. पदवी मिळाली, पण समुपदेशन काही पुस्तकातून येत नाही. कुणीतरी हाताखाली घ्यावं लागतं. आता आमच्या ओळखीत असं कोण असणार? ओळखीत सगळे भातशेतीवाले नाहीतर रिक्षावाले.

तेवढ्यात कळलं, बावधनच्या एक मॅडम दरवर्षी खेड्यातल्या एका मुलीला स्वतः शिकवतात. फक्त एकीला. मॅडमना लहानपणापासून दिसत नाही. पण दबदबा असा, की आमचे प्राध्यापक त्यांचं नाव काढताना खुर्चीत सरळ बसायचे. मला ती जागा पाहिजेच होती. नाहीतर आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, महाळुंग्याला फ्लॅट विकायच्या ऑफिसात माझी नोकरी बघून ठेवलेली.

मी मनाशी ठरवलं, दिसत नाही म्हणून मॅडमशी वेगळं वागायचं नाही. जयंतीला विहारापुढं समतेवर भाषण ठोकलं होतं मी, टाळ्या पडल्या होत्या. सगळ्यांशी सारखं वागायचं, बास.

गेले. चपला बाहेर काढल्या, आत बसले. मॅडमनी स्वतः चहा ओतला, थेंब सांडला नाही. "खुर्ची मागं सरकवू नकोस, भिंतीला लागेल," म्हणाल्या. अशी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. मी गारच.

"आता मी सल्ला घ्यायला आलेली बाई," मॅडम म्हणाल्या. "तू समुपदेशक. मी बोलते, तू ऐक."

आम्हाला वर्गात शिकवलेलं: बोलणाऱ्याच्या डोळ्यात बघा, पुढं झुका, मान हलवा, मध्ये तोंड घालू नका. मॅडम बोलू लागल्या आणि मी सगळं केलं. चेहऱ्यावर अशी माया आणली म्हणता! आठवडाभर आरशापुढं तयारी केलेली माया होती ती. वर जुना पंखा घरघरत होता आणि मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

"ऐकतेयस ना?" मॅडमनी विचारलं.

मी दुप्पट जोरात मान हलवली.

मॅडम थांबल्या. मीही थांबले. शांतता मोडायची नाही, हाही नियमच. बराच वेळ असाच गेला. मग त्या उठल्या, पंखा बंद केला, बाहेर गेल्या आणि दाराला कडी लावली.

तुम्हाला काय वाटलं असतं? मला वाटलं, काय ही पद्धत. माणसाला त्याच्या मनाबरोबर एकटं सोडून द्यायचं. पुस्तकात कुठं सापडणार हे? माझे डोळे भरून आले. घाम पुसत मी तिथंच बसले, मान हलवायचा सराव करत.

बाहेरून मॅडमचा आवाज आला. "मावशी, ती मुलगी न सांगताच गेली का हो?"

"जातीया कुटं? चपला तर हितंच हायेत."

कडी निघाली. झाडलोट करणाऱ्या मावशी मला बघून दारातच थबकल्या. "मॅडम, हितंच हाय की ही. घामानं निथळतीया, मान हालवतीया नुसती. अंगात आल्यागत करतीया."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं. "मॅडम, मी मान हलवत होते," कशीबशी बोलले. "सगळ्यांशी सारखं वागायचं म्हणून."

मॅडम पदर तोंडाला लावून हसल्या. "अगं, सगळ्यांना सारखंच वाढलं तर बोळक्या तोंडाच्या माणसानं भाकरी कशी चावायची? मला नुसतं 'हं' म्हटलं असतंस तरी पुरलं असतं." मग आवाज बदलला. "बरं, मान दिसली नाही ते सोड. मी काय सांगत होते?"

मी तोंड उघडलं. खरं सांगते, काही म्हणजे काही आठवेना. मान, डोळे, माया सांभाळता सांभाळता ऐकायचंच राहून गेलं होतं.

"काहीच ऐकलं नाही, मॅडम." जागा गेली असं धरूनच मी पर्स उचलली.

"सोमवारी सकाळी ये," मॅडम म्हणाल्या. "या जागेसाठी काल आलेल्या दोघींना सगळंच येत होतं. त्यांना मी काय शिकवणार? तुझ्याकडं भरपूर वाव आहे."

आबांनी गावभर पेढे वाटले. भेटेल त्याला सांगत सुटले, "लई पोरी आल्त्या, पर मॅडमनी आमचीच निवडली." कशावर निवडली, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीपण माल्यात बोलू नका.