सगळ्यात मागं चालणारी

लेकीच्या डोंगरभटकंती गटात पालकांना कामं वाटून देतात. कुणी गाडी आणतं, कुणी पाणी भरतं. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "मी सगळ्यात मागं चालते." गटाच्या ताईंनी बजावलं, "आक्का, काय बी होऊ दे, तुमच्या मागं एकबी पोर राहता कामा न्हाय." मला रागच आला. अहो, वीस वर्षं शाळेत पोरं सांभाळलीत, मला काय शिकवता!

त्या रविवारी काकतीच्या डोंगरावर सगळ्यात मागं दहा वर्षांची एक मुलगी होती. तिला दमा. चार पावलं चालायची, थांबायची. तिची आई पायथ्याशी गाडीजवळ थांबली होती. निघताना दम्याचा पंप माझ्या हातात देऊन ती आपल्या गावाकडच्या बायकी बोलीत म्हणाली, "तुमी हायसा म्हणून पाठवतोय."

अर्ध्या वाटेत वरून किंकाळी आली. "आई गं!" माझ्याच लेकीचा आवाज. "हितंच बस हं, आलेच," म्हटलं आणि पळत सुटले.

वर पोचून बघते तर काय, नुसता गुडघा खरचटलेला! ताई तो धूतसुद्धा होत्या. त्यांनी माझ्या मागं बघितलं. "ती पोरगी कुठाय?"

माझा हात खिशात गेला. पंप माझ्याकडेच. तशीच खाली पळाले.

उतरताना घाईत भलत्याच पायवाटेला लागले. जिकडं बघावं तिकडं करवंदीच्या जाळ्या. हाका मारल्या, ओ नाही. दम लागलेलं पोर ओ देणार कुठून? देवा, काय करून बसले मी हे!

मागं फिरून खरी वाट धरली, तेव्हा ती सापडली. बसवली होती तिथंच. ओठ निळसर, खांदे वरखाली. "हितंच बस म्हणालता न्हवं," एवढंच कसंबसं बोलली. पंप दिला, आणि तिला बरं वाटेपर्यंत तिचा हात सोडला नाही.

पायथ्याशी तिच्या आईला सगळं सांगितलं. लपवावं असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू? ती बाई चार शिव्या देती तर बरं झालं असतं. लेकीचं तोंड ओढणीनं पुसत म्हणाली, "माझं पोर वरडलं असतं तर मीबी पळालो असतो."

मला जरा हायसं वाटतंय, तोवर पुढं म्हणाली, "म्हणूनच सांगतो, तुमची लेक असंल त्या दिवशी तुमी येऊ नका."

लई राग आला. खरं बोलली म्हणून जास्तच.

पुढच्या रविवारी लेकीला गाडीत बसवलं आणि मी गाडीत न चढता खालीच उभी राहिले. ती बाई आपल्या मुलीला घरी ठेवून आली होती. आज सगळ्यात मागं, माझ्या लेकीच्याही मागं, तीच चालणार होती.