इंदूताईंचा न वाजणारा शंख

इंदूताई लेले यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी खोपोलीच्या राममंदिराच्या पायरीवर बसून चपला घालत होतो. रामाचा प्रसाद म्हणून वाढलेला वरणभात मी आडवा हात मारून जेवलो होतो, आणि आता कोणाच्या नजरेला नजर न देता सटकावे एवढाच माझा विचार होता. तोच मागून आवाज आला, "कुठे निघालात?"

हा आवाज या गावातल्या बहुतेक वाचकांनी शाळेच्या वर्गात ऐकलेला आहे. त्याच्यापुढे थाप मारता येत नाही हे त्यांना मी सांगायला नको.

मी म्हणालो, "वर, घाटात."

"घाटात कोण आहे तुमचं?"

ताईंनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, "जेवलात ना? मग आरतीला थांबा. आज शंखाचा मान कोणाकडे नाही." असे म्हणून त्यांनी एक जुना शंख माझ्या हातात ठेवला आणि त्या निघूनही गेल्या. एका पायात चप्पल आणि हातात देवाचा शंख, अशा अवस्थेत माणूस पळून जाऊ शकत नाही. मी थांबलो.

मी कोण होतो तेही सांगितले पाहिजे. एका फिरत्या नाटक कंपनीत मी पडदे ओढत असे. खालापूरकडच्या एका जत्रेत कंपनी बुडाली. सकाळी उठून पाहतो तो मालक नाहीसे झालेले, तेही राजाची दाढी लावूनच, म्हणजे जाताना कंपनीची दाढीसुद्धा गेली. बाकीची मंडळी आपापल्या घरी परतली. माझी बायको आदल्या वर्षी वारली होती. भावाकडे गेलो, तर त्याने दारातच "काय, कसं काय?" असे विचारले आणि दारातून तो बाजूला झाला नाही. त्यानंतर स्टेशने, फलाट, देवळांच्या ओसऱ्या असे करत मी घाटाच्या पायथ्याशी आलो. घाटात कशासाठी निघालो होतो ते ताईंच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथात लिहिण्यासारखे नाही. परत उतरण्याचा विचार नव्हता, इतकेच सांगतो.

संध्याकाळी आरती सुरू झाली. मी छाती भरून शंख फुंकला. आधी नुसती हवा आली, मग थोडी थुंकी आली, आणि शेवटी जो आवाज आला त्याने सभामंडपातली पोरे खाली बसून हसू लागली. देवस्थानचे विश्वस्त पाटील होते कडावचे, मोठे भातशेतीवाले आणि तोंडाने फटकळ. ते म्हणाले, "ताई, म्हस अडल्यावानी वाटतंय. ह्यांना घंटा द्या, शंख नको."

"घंटेचा मान दिलेला आहे," ताई म्हणाल्या. "यांच्याकडे शंखच. उद्या जमेल."

कित्येक महिन्यांत माझ्यासाठी कोणी 'उद्या' हा शब्द वापरला नव्हता. मला रडू आले. लोकांना वाटले, शंख फुंकून डोळ्यांत पाणी आले.

देवळाला लागून ताई जी धर्मशाळा चालवतात तिची रीत या ग्रंथाच्या बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आपल्याकडे पालखीच्या खांद्यासाठी, होळीच्या पहिल्या नारळासाठी सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. मानापानाचा हा आपला जुना रोग. ताईंनी तोच औषध म्हणून वापरला. धर्मशाळेत आलेल्या बेघर माणसाला त्या आश्रित म्हणू देत नाहीत. पहिल्या संध्याकाळीच त्याला देवापुढचा एक मान मिळतो. कोणी चवरी ढाळायची, कोणी तुळस आणायची, कोणी रांगोळी घालायची. आणि एकदा मान घेतला की आरतीला गैरहजर राहता येत नाही, कारण तुमच्यावाचून देव खोळंबतो.

श्रीपती हा गडी स्टेशनच्या बाकाखाली राहत असे. त्याला ताईंनी चोपदाराची काठी दिली. काठी हातात आल्यावर त्याचा कणा ताठ झाला, मग त्याने दाढी केली, मग तो लोकांना रांगेत उभे करू लागला. तेव्हा ताई त्याला घेऊन एका कारखान्याच्या साहेबांकडे गेल्या.

"याआधी कुठे काम केलं आहे?" साहेबांनी विचारले.

"रामाकडे," ताई म्हणाल्या. "दरबार सांभाळतो."

पुढे काय बोलावे ते न सुचल्यामुळे साहेबांनी त्याला फाटकावर पहारेकरी नेमले. पहिल्याच दिवशी श्रीपतीने साहेबांची मोटार अडवून "कोन तुमी?" असे विचारले. साहेबांनी तक्रार केली नाही. असा पहारेकरी त्यांना पूर्वी मिळाला नव्हता.

नोकरी लागल्यावरही श्रीपती आरतीची काठी सोडायला तयार नव्हता. त्यातूनच ते गाजलेले भांडण झाले. निरांजनाचा मान होता ठकूबाईंकडे. या कर्जतच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतल्या म्हाताऱ्या, पावसात झोपडी गेली आणि माणसेही पांगली. एका संध्याकाळी त्यांना यायला उशीर झाला, म्हणून श्रीपतीने वात पेटवली.

"माज्या वातीला हात लावलास कसा रं?"

"मग देव काय अंधारात ठेवू? तुज्यासाठी थांबला व्हता काय तो?"

"व्हय, थांबला व्हता! इचार त्याला!"

प्रकरण विश्वस्तांपुढे गेले. पाटील म्हणाले, "ताई, देवळात असली भांडनं बरी नाय. दोघांनाबी घालवा."

ताईंचा चेहरा मात्र उजळला होता. त्या म्हणाल्या, "पाटील, ही बाई आली तेव्हा पुढ्यातली भाकरी कोणी उचलून नेली तरी गप्प बसायची. आज वातीसाठी भांडते आहे. मला तर पेढे वाटावेसे वाटतात." आणि पेढे आले. ते आणले पाटलांनी. ताईंनी सुचवलेल्या गोष्टीचा भार कोणावर पडेल हे आधी कधीच सांगता येत नाही.

आता माझ्याकडे वळतो. मी मनाशी ठरवले होते की शंख एकदा नीट वाजला की आपण मोकळे. घाट काही पळून जात नाही. पण शंख वाजेना. नदीकाठी जाऊन मी सराव करी, तिथली गुरे मान वर करून बघत. ठकूबाई सल्ला देत, "गाल नको फुगवू रं, बेंबीतनं फुंक." दिवसा ताई मला रिकामा बसू देत नसत. दोऱ्या बांधण्यात माझा हात चालतो हे त्यांनी हेरले आणि रामनवमीचा मांडव माझ्यावर सोपवला. तो मांडव वाऱ्यातही उभा राहिला, म्हणून मोहोपाड्याहून एका लग्नाचे बोलावणे आले, मग कडावहून आले. रांगोळीचा मान असलेल्या पार्वतीबाई मांडवाच्या झालरी शिवून देऊ लागल्या. पुढे पार्वतीबाईंचे आणि माझे लग्न ताईंनीच लावले; त्यात त्यांनी मुलीकडच्या म्हणून डोळे पुसले आणि मुलाकडच्या म्हणून जेवणाला नावे ठेवली. एवढे सगळे झाले तरी शंख वाजतच नव्हता, आणि रोज संध्याकाळी मी "उद्या" म्हणत होतो.

आणि एका संध्याकाळी तो वाजला. शंखाच्या तोंडाशी एक टवका उडालेला होता. त्यावर अंगठा दाबून ओठांच्या कोपऱ्यातून मी फुंकले, आणि असा खणखणीत नाद निघाला की पाटलांनी डोक्यावरची टोपी काढली. मी मोठ्या अभिमानाने ताईंकडे पाहिले. त्यांचा चेहरा दूध नासल्यासारखा झाला होता.

आरतीनंतर त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावले. "कसा वाजवलात?" मी अंगठा दाखवला. त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. "झालं. आता पुढच्या माणसाला मी काय देऊ?"

मला काही समजेना. तेव्हा पूजेचे सामान ठेवायला आलेल्या देवळाच्या धोंडू गुरवाने हसत हसत पूजेची पेटी उघडली आणि आतून एक पांढराशुभ्र शंख काढला. "वाजनारा ह्यो हाय. त्यो फुटका आजवर कुनालाच वाजला नाय."

मी संतापलो. नाटक कंपनीतही माझी एवढी फजिती झाली नव्हती. "रामासमोर ही फसवणूक?" मी विचारले.

"राम चौदा वर्षं घराबाहेर राहिला आहे," ताई म्हणाल्या. "त्याला विचारूनच केलं." मग त्यांचा आवाज खाली आला. तो तसा मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. "त्या दिवशी तुम्ही चपला घालत होतात, तेव्हा तुमच्याजवळ पिशवी नव्हती. लांब जाणारा माणूस पिशवीशिवाय निघत नाही हो. जेवायला घातलं म्हणून तुम्ही थांबला नसतात. पण हातात घेतलेलं काम अर्धं टाकून जाणाऱ्यातले दिसत नव्हतात."

खाली वाकून मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. ताई म्हणाल्या, "पुरे. उद्यापासून हा शंख येणाऱ्याला शिकवायचा तुम्ही."

"कसा वाजवायचा ते?"

"ते सोडून बाकी सगळं."

तेव्हापासून मी या देवळात शंखाचा मास्तर आहे. कसे उभे राहावे, श्वास कुठे धरावा, गाल का फुगवू नयेत, सारे मी मन लावून शिकवतो. अंगठ्याचा विषय निघू देत नाही. माझे बहुतेक शिष्य शंख वाजण्याच्या आधीच नोकरीला लागले, संसाराला लागले, आणि आजही भेटले की "मास्तर, तेवढं राहिलंच" म्हणतात.

हे गुपित छापावे की नाही, असा प्रश्न मला पडला होता. मी ताईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "खुशाल छापा. पायरीवर चपला घालत बसलेला माणूस गौरवग्रंथ वाचत नाही."

सोहळ्यासाठी येणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. मांडव माझा आहे, तो पडणार नाही. पण आरतीच्या वेळी शंखाचा आवाज भयंकर येईल. कृपा करून हसू नका आणि ध्वनिक्षेपक बंद करू नका. परवाच एक गृहस्थ आले आहेत. बोलत नाहीत. त्यांच्याजवळ पिशवी नव्हती.

ताई, रामाने तुम्हाला उदंड आयुष्य आणि धडधाकट प्रकृती द्यावी. निदान या गृहस्थांचा शंख वाजेपर्यंत तरी तुम्ही आमच्यात असलेच पाहिजे, आणि तो लवकर वाजू नये याची काळजी मी घेतो आहे.