अनुभवी सतार

वडिलांचे मित्र असलेल्या काकांनी जन्मात एकही नवी वस्तू विकत घेतली नाही, असं मी म्हटलं तर आमच्या वरसे गावात मला कुणी खोटं पाडणार नाही. काकांची सायकल तिसऱ्या मालकाची, छत्री दुसऱ्या, आणि चष्मा मुळात कुणाचा हे त्यांनाही ठाऊक नाही. ‘नव्या वस्तूनं अजून कायच सोसलेलं नसतं,’ असं ते म्हणतात. रोह्याच्या एका कंपनीत ते फिटर आहेत. तिथे नवं मशीन आलं की काका त्याच्याकडे नव्या जावयाकडे पाहावं तसे पाहतात. जुन्या मशीनला मात्र शिफ्ट संपताना हात लावून निघतात.

रेडिओवर सतार लागली की काकांच्या हातातला घास हातातच राहायचा. पेणचे एक निवृत्त मास्तर आपली फार जुनी सतार विकणार आहेत असं कळलं, तेव्हा त्यांनी शिफ्ट बदलून घेतली आणि मला म्हणाले, “चल गो माझ्यासंगं. तू कॉलेजात जातेस, तुला कळंल.” घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. तेव्हापासून बैलाच्या औषधापासून विम्याच्या कागदापर्यंत सगळं मला कळतं, अशी गावाची समजूत आहे. मी कॉमर्सला आहे, असं हळूच सांगून पाहिलं. “मग तर बरंच झालं,” काका म्हणाले.

मास्तर मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. तिथे टीव्हीला अख्खी भिंत होती, काचेच्या माशांनाही कपाट होतं; सतारीला जागा नव्हती. काकांनी आधी सतारीच्या भोपळ्यावर टिचकी मारली, मग कान लावला. “बियाण्याला ठेवलेला भोपळा असाच वाजतो. किडलेला नाय.” मास्तरांचा चेहरा पाहून मी मान खाली घातली.

“वाजवता येतं तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“नाय.”

“मग नाही देणार. वाजवणाऱ्यालाच द्यायची म्हणून दोघांना परत पाठवलंय.”

“तिसऱ्यालाही पाठवा,” आतून सूनबाई म्हणाल्या. “म्हणजे सतार पलंगावर आणि आपण खाली!”

काकांनी भोपळ्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, “मास्तर, दर साली आम्ही पेणवरनं गणपती नेतो. त्याला काय परत आणत नाय. हिला आणीन, महिन्याच्या महिन्याला. तुम्ही वाजवा, मी ऐकतो.”

मास्तर उठले आणि स्वतःच सतारीची खोळ शोधू लागले.

पेणहून वस्तू आणायची काकांना एकच रीत माहीत. सतार पाटावर उभी धरून, वरच्या टोकावर रुमाल टाकून त्यांनी ती रोह्याच्या गाडीत चढवली. खोळीतल्या पोटाचा घेर पाहून लोकांनी खिडकी रिकामी करून दिली. “उन्हाळ्यात कसला वो गणपती?” एक बाई म्हणाली, “आणि मान केवढी लांब गो बाय!” काकांनी नुसते हात जोडले. तिनेही जोडले.

तीन वर्षं काका दर महिन्याला सतार घेऊन पेणला जात होते. कंपनीत त्यांना ‘पंडित’ म्हणायचे. काका ते मनावर घेऊन, वाजवणाऱ्यापेक्षा नेणाऱ्याचं काम कसं अवघड, यावर कँटीनमध्ये भाषण द्यायचे.

गेल्या दिवाळीनंतर मास्तर गेले.

परवा मी काकांकडे गेले. सतार भिंतीशी उभी होती, पुसून लख्ख. मी भीत भीत एक तार छेडली. माझ्यासारखीलाही कळावं इतकी ती सुरातून उतरली होती.

“काका, खुंटी जराशी पिळून बघू?”

“नको गो,” काका म्हणाले. “मास्तरांनी लावलेली हाय ती. पुरती उतरंस्तवर त्यांचीच.”