टाळूवरचा सूर

खुर्चीत बसण्याआधी ते शर्टाच्या खिशातून हार्मोनिका काढायचे, तळहातावर दोनदा आपटायचे आणि माझ्या ट्रेमध्ये, आरसा आणि चिमट्याच्या शेजारी ठेवायचे. ट्रे निर्जंतुक असतो म्हणून माझी असिस्टंट ती उचलायला धावायची. ते म्हणायचे, "राहू दे गं. तेही तोंडाचंच हत्यार आहे."

इथे परदेशात, कॅरी गावातल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. उंच, सडसडीत, कृष्णवर्णीय गृहस्थ. बुटांना आरशासारखं पॉलिश. रिसेप्शनवर माझी बायको असते. फोनवर बोलता बोलता तिच्या तोंडून सवयीनं "बसा काका" निघालं. त्यांना वाटलं, ही आमच्याकडची नमस्काराची रीत. पुढच्या वेळेपासून ते दार उघडून सगळ्या वेटिंग रूमला गंभीरपणे म्हणायचे, "बसा!" एकदा एक मराठी आजोबा उठता उठता खरंच परत बसले. आम्ही त्यांची चूक कधी दुरुस्त केली नाही. बायको म्हणायची, "असू दे रे. क्यूट वाटतं यार."

तोंडात माझी बोटं नसतील तेवढ्या वेळात ते आपली हकिगत सांगायचे. घर तंबाखूच्या शेतावर मजुरी करणारं. काकाकडून मिळालेल्या हार्मोनिकावर ते तंबाखूच्या लिलावाच्या आवारात ब्लूज, म्हणजे काळ्या मजुरांची दुःखाची गाणी, वाजवायला लागले. मग एका गिटारवाल्याबरोबर अकरा वर्षं व्हॅनमधून गावोगाव. दोन रेकॉर्ड निघाल्या, त्यातल्या एकीवर त्यांचं नाव चुकीचं छापलं. युरोपातही जाऊन आले. "तिथे लोक ब्लूज ऐकायला पाय जुळवून बसतात, डॉक. मला वाटलं, कुणीतरी वारलंय." पुढे बायको आजारी पडली, आणि नोकरीबरोबर मिळणाऱ्या आरोग्य-इन्शुरन्ससाठी ते शाळेची बस चालवायला लागले. ती बावीस वर्षं चालवली. आता फक्त रविवारी दुपारी, एका बार्बेक्यूच्या हॉटेलात, त्याच जुन्या गिटारवाल्याबरोबर वाजवायचे.

"रविवारी ये, डॉक. दोन वाजता." दर वेळी जाताना हे ठरलेलं. रविवारी मी मराठी शाळेत बाराखडी शिकवतो. तीन वर्षांत एकदाही गेलो नाही.

आता मुख्य गोष्ट. ती टाळत टाळत इथवर आलो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्यांच्या हिरड्या गेल्या होत्या. वरचे बरेचसे दात काढावेच लागणार होते. पण पुढचे चार वाचले असते, काही वर्षं तरी. त्यासाठी कित्येक महिने, दर पंधरा दिवसांनी, चिकाटीनं काम करावं लागलं असतं. मी थकलो होतो. त्या वर्षी मी सगळ्यालाच कंटाळलो होतो, याला कारण म्हणता येईल की नाही, मला माहीत नाही. सगळे दात काढून पूर्ण कवळी बसवणं सोपं होतं. मी तेवढंच सांगितलं. दुसरा मार्ग आहे हे सांगितलंच नाही.

त्यांनी एकच विचारलं, "डॉक, वाजवता येईल ना?"

"आरामात. दोन आठवडे प्रॅक्टिस करा."

कशाच्या जोरावर म्हणालो? सांगलीला आमचे ड्रॉइंगचे सर गॅदरिंगमध्ये माउथ ऑर्गनवर सिनेमाची गाणी वाजवायचे. माझं ज्ञान तेवढंच. फुंकायचं, झालं.

कवळी सुरेख झाली. आरशात बघून ते म्हणाले, "हा कोण पोरगा?"

मग ते पुन्हा आले. आणि पुन्हा. मी कवळी इथे घासली, तिथे घासली.

"कुठे लागतंय?"

"लागत नाही, डॉक. वाजत नाही."

"सवय होईल," मी म्हणालो. चार वेळा म्हणालो.

एका रविवारी मराठी शाळा नव्हती. बायको म्हणाली, "शाळा कॅन्सल झालीये ना? मग जा की एकदा. किती वेळा बोलावलंय त्या काकांनी!"

गेलो. कोपऱ्यातल्या छोट्या स्टेजवर गिटारवाला एकटाच वाजवत होता. हे खाली, पहिल्या टेबलाशी बसले होते. बुटांना पॉलिश, हार्मोनिका खिशात, फक्त पाय ठेका धरत होता. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की मला परत फिरावंसं वाटलं.

"हे फुंकायचं नसतं, डॉक," ते समजावू लागले. माझ्याच पेशंटनं मला तोंड उघडून दाखवलं. "फुंकतात वाढदिवसाच्या मेणबत्त्या. ब्लूज आत ओढायचा असतो. ओढलेली हवा इथे, टाळूखाली वळवायची. जीभ मागे नेली की सूर खाली वाकतो, रडतो. आता तिथे तुझं प्लास्टिक आहे. आणि जोरात ओढलं की सगळंच सुटून खाली येतं."

"मग काढून वाजवा ना!"

"बोळक्या तोंडानं? लोकांसमोर? माझी आई वरून बघतेय."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना बोलावलं. टाळू मोकळी ठेवणारी, घोड्याच्या नालेसारखी कवळी करता येते. ती जरा सैल बसते, पण करता येते. माप घेताना तोंड साच्याच्या लगद्यानं भरलेलं असतं, पेशंटला काही मिनिटं बोलता येत नाही. मी ती वेळ निवडली. मुद्दाम. त्या चार दातांचं सगळं सांगितलं, कंटाळ्यासकट. ते वरच्या दिव्याकडे बघत राहिले. माप निघालं. त्यांनी चूळ भरली, ओठ पुसले.

"दात गेले ते गेले, डॉक. पण मी कसं वाजवतो, हे तू एकदाही विचारलं नाहीस."

मी माप नळाखाली धरलं. त्यांनीच मग विचारलं, "नवी कधी मिळेल?"

"दोन आठवडे."

"पुन्हा दोन आठवडे!" म्हणून ते हसले, आणि जाताना रिसेप्शनवर बायकोला "बसा" म्हणाले.

कवळी लॅबमधून वेळेवर आली. बायकोनं त्यांना फोन लावला, तो त्यांच्या बहिणीनं उचलला. न्यूमोनिया झाला होता. दोन दिवसांपूर्वीच ते गेले होते.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं चर्चमध्ये गेलो. नवी कवळी माझ्या कोटाच्या खिशात होती. कशासाठी नेली, सांगता येत नाही. शवपेटी उघडी होती. ओठ किंचित विलग होते आणि त्यातून मी बसवलेले पांढरेशुभ्र, एकसारखे दात दिसत होते. लोक रांगेनं येऊन बघत होते.

बहिणीनं माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्हीच ना त्याचे डेंटिस्ट? बघा किती देखणा दिसतोय! तरुणपणीसुद्धा असे दात नव्हते त्याचे."

मी "थँक यू" म्हणालो.