पट्टी वाळेपर्यंत

निळीमावशीचे हात कोपरापर्यंत निळे होते, आणि ते कधीपासून तसे आहेत हे तिलाही आठवत नव्हतं. कापड रंगवायचा तिचा धंदा. खाली भट्टी आणि हंडे, वर गच्ची, गच्चीभर दोऱ्या. नवरा गेल्यावर याच गच्चीनं तिला आणि लेकीला पोसलं.

आज बँक बंद व्हायच्या आत ती गच्ची गहाण पडणार होती. लेकीला उद्योजकतेच्या पदवीला प्रवेश मिळाला होता. फी आज भरली नाही, तर जागा दुसऱ्याची.

"पुन्हा एकदा सांग," मावशी भट्टीत लाकूड सारत म्हणाली.

"आई, किती वेळा? फी, राहणं, खाणं. शिवाय तीन वर्षं मी इथं नाही, म्हणजे तुला माणूस ठेवावा लागेल, त्याचा पगार. हा खर्च. पुढं मिळणारी सरासरी कमाई धरली, की पाच वर्षांत सगळं फिटतं."

"ही सरासरी म्हणजे कोण गं?"

"एखादा बापाच्या कारखान्यात बसलेला आणि दहा घरी बसलेले. सगळ्यांची बेरीज करून भागायचं."

"म्हणजे बसलेलेच सगळे!"

लेक खळखळून हसली. मावशीचं हसू मात्र ओठांवरच विरलं. डोळे मिटले की दिसायचं ते एकच: गच्चीच्या दाराला परक्याचं कुलूप, आणि पायरीवर पदवी घेऊन बसलेली लेक.

आज हंड्याशेजारी नाट्यगृहाचा दर्शनी पडदा पडला होता. काय रुबाब त्याचा! तो सरकू लागला की भरलेलं प्रेक्षागृह श्वास रोखून बसायचं. आता मात्र विटून बिचारा मातकट झाला होता. त्याला पुन्हा लालभडक करायचं होतं. मावशीची रीत अशी, की कुठलंही कापड आलं तरी आधी कडेची बोटभर पट्टी कापायची, ती रंगात बुडवायची, सावलीत वाळवायची आणि मगच हंड्याला हात लावायचा. ओल्या रंगावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

पण आज डोक्यात ते कुलूप वाजत होतं. तिनं अख्खा पडदा तसाच हंड्यात लोटला.

बाहेर काढला, तर ठिकठिकाणी पांढुरके डाग. आग लागू नये म्हणून पडद्याला कसलंसं औषध चोपडलेलं होतं, आणि ते धुऊन काढल्याशिवाय रंग धरणार नव्हता. साधी पट्टी बुडवली असती, तरी कळलं असतं.

नेमके तेव्हाच नाट्यगृहाचे व्यवस्थापक दारात उभे!

"हे काय मावशी? पडद्याला कोड फुटलं की काय? चार दिवसांवर प्रयोग आलाय माझा!"

लेक पुढं झाली.

"चूक आमची आहे, काका. पडदा उकळून धुतो आणि गडद रंग देतो, पैसे नकोत. पण आधी पट्टी बघा, पसंत पडली तरच."

"आणि पट्टी कधी दाखवणार?"

"वाळली की."

"मग इस्त्री फिरवा की तिच्यावर!"

"इस्त्रीनं रंग बदलतो, काका. बसा तुम्ही, चहा टाकते."

पडदा पुन्हा भट्टीवर चढला. उकळतं ओझं ते, दोघींना दोन्ही बाजूंनी ढवळत राहावं लागे. धुतलेली, गडद रंगात बुडवलेली पट्टी सावलीत लोंबत होती. मावशीची नजर पट्टीवरून घड्याळावर, घड्याळावरून लेकीवर.

"बयो, चल. बँकेत दोघींच्या सह्या लागतात."

"आणि पडदा? सोडला तर तळाला करपेल."

"करपू दे मेला!"

"तू बोलतेयस हे?" लेकीनं काठी थांबवली नाही. "आई, काल मी कॉलेजात विचारलं, तुमची मुलं चौथ्या-पाचव्या वर्षी किती कमावतात? त्यांच्याकडे फक्त पहिल्या वर्षाचे आकडे. मघाशी तुला सांगायचा धीर झाला नाही. मी त्यावरच सगळा हिशोब मांडून बसले होते. ओल्या पट्टीवर."

बँकेची वेळ टळली. मावशीच्या छातीवरचा दगड उतरला, आणि त्या हलकेपणाचीच तिला धडकी भरली. पट्टी आपण घाबरून विसरलो, की लेक जाऊ नये म्हणून? तिनं मनाला परत परत विचारलं.

पट्टी वाळली. एकसारखी, गर्द डाळिंबी. व्यवस्थापकांनी ती उजेडात धरली, बोटांनी चुरगाळून पाहिली, चष्मा पुसून परत पाहिली.

"लालपेक्षा हाच शोभेल," ते पुटपुटले. "आधी का नाही सुचलं?" आणि वळून न बघता निघून गेले.

लेक रिकामा कप उचलायला वाकली, ती वाकलेलीच राहिली. डोळे पुसत होती. मावशीनं आपला निळा हात तिच्या पाठीवर ठेवला.

"पुढच्या वर्षी परत प्रवेश असतील ना?"

"असतील. मिळेलच असं नाही."

"उद्या दुकान बंद ठेवू. तिथून शिकून पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेला कुणीतरी शोधू. दोघं-तिघं शोधू. फिटलं का, विचारू."

"आणि फिटलं म्हणाले तर?"

मावशीनं वर पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी गच्चीचं उघडं दार वाऱ्यानं हलत होतं.

"तर गच्ची गहाण," ती म्हणाली, आणि आतली भीती लेकीला कळायच्या आत तिच्या पाठीवरचा हात पटकन काढून घेतला.